मुलाचा उद्रेक आणि आईवरचा ठपका : शंभर वर्षांची पार्श्वभूमी

आठ-दहा वर्षांचा मुलगा वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या कारणावरून भडकतो, हाताला लागेल ते फेकतो, आवरायला गेलेल्या आईला लाथा मारतो किंवा चावतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने घामाघूम होऊन गप्प पडतो. अशा घरात नातेवाईक, शेजारी, शाळा आणि कधीकधी डॉक्टरही जो प्रश्न सर्वांत आधी विचारतात, तो दोष कोणाचा हा असतो. मुलगाच वाईट चालीचा, की आईने लाडावून ठेवलेला? वैद्यक आणि मानसशास्त्रही विसाव्या शतकाचा मोठा भाग याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिले. त्यातून जी काही सुटका झाली, ती मुख्यतः घरात प्रत्यक्ष काय घडते याची बारकाईने नोंद ठेवणाऱ्यांमुळे झाली, असे या इतिहासाकडे पाहताना दिसते.

मार्च 1902 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धीने ठीक असलेली, पण रागावर आणि आवेगावर ताबा नसलेली मुले त्यांनी वर्णन केली. त्यांनी मांडलेल्या अशा वीस मुलांपैकी पंधरा मुलगे होते. शिक्षा केली तरी काही तासांत तेच वर्तन पुन्हा दिसते, आणि यांतली काही मुले चांगल्या, काळजीवाहू घरांतली आहेत, हे स्टिल यांनी स्पष्टपणे नोंदवले होते. त्यांनी या अवस्थेला ‘नैतिक नियंत्रणातील उणीव’ असे नाव दिले. निरीक्षण उत्तम होते, नाव मात्र त्या काळाचे होते, आणि नैतिकतेचा शिक्का एकदा बसला की पुढची पायरी शिक्षेचीच असते.

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, 1931 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठातील फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी लहान मुलांच्या रागावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना प्रयोगशाळेत आणले नाही, त्यांच्या आयांना वह्या भरायला सांगितले. 45 मुलांच्या घरांतून रागाच्या 1,878 प्रसंगांच्या नोंदी जमल्या : किती वाजता, कशावरून, किती वेळ, मुलाने काय केले, मोठ्यांनी काय केले. त्यातून निघालेले निष्कर्ष आज कोणत्याही आजीला नवे वाटणार नाहीत. जेवणाच्या वेळेआधी उद्रेक वाढतात, थकवा आणि बारीकसारीक आजारपण त्यांना खतपाणी घालते, दुसऱ्या वर्षात त्यांचा कळस होतो, आणि पुढे मुलींपेक्षा मुलग्यांत ते अधिक दिसतात. तरीही या कामाचे मोल मोठे आहे, कारण यात आईला आरोपी न मानता साक्षीदार मानले होते. पुढची काही दशके हा धागा बऱ्याच अंशी सुटलेला दिसतो.

तो सुटण्याचे एक कारण म्हणजे बालमार्गदर्शन केंद्रांची चळवळ. 1909 मध्ये शिकागोत विल्यम हीली यांनी बालगुन्हेगारांच्या अभ्यासासाठी संस्था काढली, 1922 पासून कॉमनवेल्थ फंड या अमेरिकन धर्मादाय संस्थेच्या पैशातून अमेरिकेच्या अनेक शहरांत प्रात्यक्षिक केंद्रे निघाली, आणि 1937 मध्ये मुंबईत, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पूर्वावतारात, भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांनी मिळून एका मुलाचा विचार करावा ही या केंद्रांची देणगी खरोखरच मोलाची होती. पण फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढत गेला तशी तिथली चौकशी आईच्या मनाभोवती फिरू लागली. ती अतिकाळजी करते का, की मनातून मुलाला नाकारते? दोन्ही उत्तरांत दोष तिच्याकडेच जात होता.

स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) इतिहासात याचे सर्वांत कठोर रूप दिसते, आणि तीव्र उद्रेक होणाऱ्या मुलांमध्ये स्वमग्न मुलांचा वाटा मोठा असल्यामुळे तो इतिहास इथे टाळता येत नाही. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अशा अकरा मुलांचे वर्णन केले, त्यांत आठ मुलगे होते. पुढे आईवडिलांच्या कोरडेपणाबद्दल लिहिताना 1949 मध्ये त्यांनी रेफ्रिजरेटरची उपमा वापरली. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 मध्ये तीच कल्पना पुस्तकभर ताणली. तोवर अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी 1964 मध्ये कारण जैविक असल्याचा भक्कम युक्तिवाद मांडला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि 1969 मध्ये तिच्याच परिषदेत कॅनर यांनी उपस्थित आईवडिलांना आपण दोषमुक्त करत असल्याचे जाहीरपणे सांगितले. ज्या आयांची त्या वेळी साठी आली होती, त्यांच्या दृष्टीने हा निवाडा फारच उशिरा आला.

आपल्याकडे याआधीपासूनच वेगळे वारे वाहत होते, त्याची दखल घ्यायला हवी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला आणि ‘शिक्षण पत्रिके’तून, पुढे बोर्डी-कोसबाडच्या कामातून, ताराबाईंनी मारझोडीविरुद्ध सातत्याने लिहिले. ‘चौदावे रत्न’ हा घराघरातला मान्य उपाय असलेल्या काळात हे धाडस होते. मात्र त्यांचा भर सर्वसाधारण मुलांच्या शिक्षणावर होता. ज्याचा उद्रेक प्रेमाने समजावूनही थांबत नाही, अशा मुलाच्या घरी नेमके काय करायचे, याचे उत्तर त्या परंपरेत फारसे सापडत नाही.

ते उत्तर शोधायला पुढे आले वर्तनवादी, म्हणजे वागण्याला मिळणाऱ्या परिणामांतून ते वागणे टिकते किंवा बदलते असे मानणारे मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांनी ते अगदी रोखठोकपणे शोधले. 1959 मध्ये सी. डी. विल्यम्स यांनी 21 महिन्यांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सुरुवातीचे दीड वर्ष हा मुलगा गंभीर आजारी होता, त्यामुळे घरातले सगळे त्याच्या दिमतीला असत. तो बरा झाला, पण झोपवून कोणी खोलीबाहेर निघाले की आकांत करी. आईवडिलांनी सल्ल्यानुसार त्याला निजवून दार लावून घेतले आणि परत आत गेले नाहीत. पहिल्या वेळी तो 45 मिनिटे रडला, दहाव्या वेळी हूं की चूं न करता झोपला. आठवडाभराने त्याला आत्या की मावशी (इंग्रजीत दोन्ही एकच) निजवायला गेली, तो कुरकुरला, ती परतली आणि तो झोपेपर्यंत बसून राहिली. मग सगळे पहिल्यापासून करावे लागले. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही या शोधनिबंधातले खरे पात्र कोणते, हे सांगावे लागणार नाही. घरातल्या एकाने धरलेला नियम दुसऱ्याने मोडला की उद्रेक पहिल्यापेक्षा चिवट होतो, हा नियम आजही पालकांना पहिल्या काही भेटींतच सांगितला जातो.

1964 मध्ये माँट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या, चष्मा न लावल्यास दृष्टी गमावण्याची शक्यता असलेल्या साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलावर केलेले काम प्रसिद्ध झाले. उद्रेकात हा मुलगा स्वतःला इजा करून घेत असे. उद्रेक झाला की काही वेळ एकट्याला खोलीत ठेवणे आणि चष्मा हाताळला की खाऊ देणे, यांतून त्याचे वर्तन बदलले. ‘टाइम-आउट’ घराघरांत पोहोचला तो या प्रकारच्या कामातून. नंतर त्याचे जे सुलभीकरण झाले, त्यात मूळ पद्धतीचा अर्धा भाग, म्हणजे उरलेल्या वेळात मुलाला मिळणारे भरपूर कौतुक, गळून पडला आणि कोपऱ्यात उभे करणे तेवढे उरले.

या साऱ्या परंपरेतले सर्वांत महत्त्वाचे काम ओरेगनमध्ये झाले. जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकापासून आक्रमक मुलग्यांच्या घरी निरीक्षक पाठवले. टीव्ही बंद, सगळ्यांनी एक-दोन खोल्यांतच थांबायचे, आणि निरीक्षकाने दर सहा सेकंदांना कोण कोणाशी काय वागले याची खूण करायची. असे शेकडो तास साठल्यावर एक साखळी वारंवार दिसू लागली. आई काही करायला सांगते, मुलगा चिडतो, आई आवाज चढवते, मुलगा आणखी चढतो, वस्तू फेकतो, आई थकून आपले म्हणणे सोडून देते आणि त्याच क्षणी मुलगा शांत होतो. मुलाला कळते की जोर वाढवला की सुटका होते, आणि आईलाही कळते की सोडून दिले की शांतता मिळते. दोघांनाही आपापल्या वर्तनाचे बक्षीस मिळते, आणि महिन्यागणिक दोघेही या खेळात तरबेज होत जातात, जरी दोघांपैकी कोणालाही तो नको असतो. ही मांडणी पॅटरसन यांनी 1982 मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केली. त्याआधी 1980 मध्ये त्यांनी आयांवर एक स्वतंत्र प्रबंध लिहून, या साखळीत दिवसभर सापडलेल्या आया म्हणजे कोणाच्या लक्षात न आलेल्या पीडित व्यक्ती आहेत, असे म्हटले. आईचे वर्तन साखळीत आहे, तरीही ती साखळीची निर्माती नाही, हा भेद इतक्या स्वच्छपणे आधी कोणी केलेला नव्हता.

वर्तनवादाच्या याच परंपरेत कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी पोर्टलंडमध्ये दोन टप्प्यांची पद्धत बसवली : आधी मुलाच्या खेळात त्याच्या कलाने सामील होणे, मग मोजक्या, स्पष्ट सूचना आणि ठरलेले परिणाम. शीला आयबर्ग, रेक्स फोरहँड, कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांचे पालक-प्रशिक्षणाचे कार्यक्रम त्यातूनच निघाले.

पण साखळी तोडून न सुटणारी मुलेही होती. आवाज, गर्दी, अचानक बदललेला बेत यांनी ज्याचा तोल जातो, त्या मुलाला त्या क्षणी काही मिळवायचे नसते, म्हणून दुर्लक्ष केल्याने त्याला काही शिकायलाही मिळत नाही. बॉस्टनमधील रॉस ग्रीन यांनी 1998 मध्ये मांडले की अशा मुलांत लवचिकपणा आणि निराशा सोसण्याची कौशल्ये मागे पडलेली असतात, आणि उद्रेकाच्या वेळी नव्हे, तर शांत असताना मुलाबरोबर बसून ठरावीक अडचणीवर तोडगा काढावा लागतो. वर्तनवाद्यांना हे शरणागतीसारखे वाटले. खरे तर मोठी मुले असलेल्या घरांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात.

याच काळात अमेरिकेत निदानाचा एक गोंधळही झाला. चिडखोर, भडकणाऱ्या मुलांना द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचे निदान सरसकट मिळू लागले. बाह्यरुग्ण भेटींतील या निदानाचे प्रमाण 1994-95 मध्ये वीस वर्षांखालील दर लाख लोकसंख्येमागे 25 होते, ते 2002-03 मध्ये 1,003 झाले, आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश मुलगे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील एलन लायबनलुफ्ट यांच्या गटाने अशा मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा पुढे त्यांच्यात द्विध्रुवी विकारापेक्षा चिंता आणि नैराश्य अधिक आढळले. म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत सतत चिडचिड आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक तीव्र उद्रेक असणाऱ्या मुलांसाठी वेगळे निदान घातले गेले. तोवर बरीच मुले जड औषधांवर गेलेली होती. औषधे निरुपयोगी आहेत असे नाही. स्वमग्न मुलांतील तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन या औषधाची चाचणी 2002 मध्ये 101 मुलांवर झाली, त्यात 69 टक्के मुलांना ठळक फायदा झाला, नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 12 टक्के होते, आणि 2006 मध्ये अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली. पण आठ आठवड्यांत सरासरी 2.7 किलो वजनवाढ ही त्याची किंमतही त्याच चाचणीत दिसली. 2015 मध्ये 3 ते 7 वर्षांच्या 180 स्वमग्न मुलांच्या अभ्यासात, नुसती माहिती मिळालेल्या पालकांपेक्षा प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळालेल्या पालकांच्या घरी उद्रेक अधिक कमी झाले.

या इतिहासातला भारतीय वाचकाला चकित करणारा धागा मात्र तेल अवीवमधून येतो. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा, आईपेक्षा उंच आणि ताकदवान झाला की टाइम-आउटचा प्रश्नच उरत नाही. त्याला खोलीत नेणार कोण? तिथले मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर यांनी पॅटरसन यांची साखळी स्वीकारली आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग गांधीजी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसक प्रतिकारात शोधला. त्यांचे याविषयीचे पुस्तक 2004 मध्ये इंग्रजीत आले. पालकांनी मारायचे नाही, ओरडायचे नाही आणि शरणही जायचे नाही. उद्रेकाच्या क्षणी उत्तर न देता, सगळे निवळल्यावर आईवडिलांनी मुलाच्या खोलीत शांतपणे बसायचे, हे वागणे आम्ही यापुढे चालू देणार नाही एवढेच सांगायचे आणि त्याच्याकडून प्रस्तावाची वाट पाहायची. प्रस्ताव न आल्यास ठरलेल्या वेळी उठून जायचे, धमकी न देता. त्याच आठवड्यात, त्याच्या वागण्याशी काही संबंध न जोडता, त्याच्या आवडीचे काही करून प्रेम दाखवत राहायचे.

ओमेर यांच्या पद्धतीतला सर्वांत कठीण भाग गुप्तता मोडण्याचा आहे. मुलगा आईला मारतो ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये म्हणून पालक जिवाचा आटापिटा करतात, आणि तेच झाकलेपण हिंसेला जागा देते. म्हणून मामा, काका, शिक्षक, शेजारी अशा काही विश्वासातल्या माणसांना सगळे सांगायचे, आणि त्यांनी मुलाला प्रेमाने पण स्पष्टपणे कळवायचे की आम्हाला ठाऊक आहे आणि आम्ही तुझ्या आईवडिलांबरोबर आहोत, तुझ्याबरोबरही आहोत. ‘घरातले घरात राहू दे’ या शिकवणीत वाढलेल्या मराठी कुटुंबाला ही पायरी उपोषणापेक्षा जड वाटेल. ज्यांच्याकडून ही कल्पना घेतली, त्या गांधीजींचे स्वतःचे थोरल्या मुलाशी, हरिलालशी, कधीच जुळले नाही, हेही इथे विसरून चालणार नाही. सत्याग्रहाची तत्त्वे त्यांनी घरात वापरली ती पुष्कळदा बापाच्या अधिकारासह.

आपल्याकडचा अलीकडचा इतिहास बराचसा कायद्यांचा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, कलम 16 ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही असे ठरवले, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आली. प्रत्यक्षात शाळा काढत नाहीत, ‘आज लवकर घेऊन जा’ असा फोन करतात. तो फोन बहुतेक वेळा आईलाच येतो, तिची नोकरी त्यातच सुटते, आणि या अघोषित घरी पाठवण्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. जे तज्ज्ञ पालकांना शिकवू शकतात ते मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटलेले आहेत, आणि प्रशिक्षणाचे साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे. जे आहे त्यात पालकांच्या हाती पहिल्या भेटीत दिला जातो तो तीन रकान्यांचा कागद : आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर कोणी काय केले. तो भरताना आजी, बाबा आणि घरकामाला येणाऱ्या बाई यांनीही आपापले रकाने भरावेत, असा आग्रह धरणारे समुपदेशक अजून थोडेच आहेत.