ऑटोमॅटिक व्हॅनचा गिअरबॉक्स बदनाम का झाला

नाशिकमध्ये जुनी व्हॅन म्हटली की मॅटाडोर नाहीतर मारुती ओम्नी. दोन्ही क्लचच्या. त्यामुळे एखाद्या हौशी माणसाने सत्तरच्या दशकातली ऑटोमॅटिक फोक्सवॅगन दारात आणून उभी केली, की चांगले मुरलेले मेकॅनिकही म्हणतात, "हा गिअरबॉक्स टिकत नाही." मला हे मत अन्यायाचं वाटतं.

ऑटोमॅटिकचं मूळ जहाजांत आहे. हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये द्रवाच्या प्रवाहातून ताकद पुढे देण्याचं पेटंट घेतलं. तेच तत्त्व १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक म्हणून मोटारीत आलं. फोक्सवॅगनच्या व्हॅनला १९७३ च्या मॉडेलपासून तीन गिअरचा ऑटोमॅटिक मिळू लागला. क्लचची जागा टॉर्क कन्व्हर्टरने, म्हणजे ऑइलच्या प्रवाहातून इंजिनाची ताकद पुढे देणाऱ्या भागाने घेतली.

खरी गोम इथून पुढे आहे. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एकमेकांना जोडलेले, पण ऑइल दोन. गिअरबॉक्समध्ये पातळ, लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल. डिफरन्शियलमध्ये घट्ट, नव्वद नंबरचं गिअर ऑइल. मध्ये फक्त ऑइल सील. आपल्याकडे हात मॅटाडोरवर बसलेला, आणि गिअरबॉक्स म्हणजे नव्वद नंबर, हे डोक्यात पक्कं. हे ऑइल एटीएफच्या जागी गेलं की गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या बारीक वाटा तुंबतात आणि मग गिअर पडतच नाही. दोष बॉक्सवर येतो.

अंबडच्या एका गॅरेजमध्ये अशीच एक व्हॅन "संपली" म्हणून उभी होती. डिफरन्शियलचा बोल्ट सैल करताच लालसर, पाण्यासारखं ऑइल भळाभळा आलं, तेही हवं त्याहून जास्त. सील गेलं होतं आणि एटीएफ तिकडे पाझरत होतं. गिअर घसरत होते ते एवढ्यामुळेच. अशा वेळी अख्खा बॉक्स बदलायला सांगणं मला पटत नाही.

दुसरी चकवणारी जागा म्हणजे व्हॅक्यूम युनिट. हा गिअरबॉक्सवरचा छोटा डबा इंजिनाला एका नळीने जोडलेला असतो आणि इंजिनाच्या ओढीवरून त्यावरचा भार ओळखतो. त्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून एटीएफ ओढून घेतं. खाली एक थेंबही पडत नाही, पातळी मात्र घटत जाते, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मग लोक पिस्टन रिंग बदलायला बसतात! ती नळी काढून आतून बोट फिरवा. बोट लाल झालं तर दुखणं सापडलं.

कसारा घाटात मात्र खरोखर जपावं लागतं. भरलेली गाडी हळूहळू चढताना कन्व्हर्टर ऑइल घुसळत राहतो, आणि तापलेल्या ऑइलचं आयुष्य झपाट्याने घटतं. चढावर लिव्हर २ वर ठेवावा. काळवंडलेलं, करपल्यासारखा वास येणारं ऑइल लगेच बदलावं, ऑइल गाळणारी जाळीही साफ करावी.

बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का मारण्यात अर्थ नाही, कारण ऑइलचा पंप इंजिनावर चालतो; इंजिन बंद असेल तर दाब येत नाही आणि चाकांची ताकद इंजिनापर्यंत पोचत नाही. पंप बंद असला की गिअरबॉक्सला ऑइल मिळत नाही, म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी दूरवर ओढत नेऊ नये. मागची चाकं उचलूनच न्यावी. पातळी बघायची ती इंजिन गरम आणि सुरू असताना, लिव्हर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारं फडकं घेऊ नका. एखादा धागा आत गेला की तो थेट व्हॉल्व्हपर्यंत पोचतो.