पाठीवर माणूस, पाठीमागे गाडी

स्वारीच्या तट्टाला गाडीही ओढायला शिकवायची, तर आधी टायरची सवय लावतात. जुन्या टायरला दोर बांधून तो कच्च्या रस्त्यावरून ओढला की खर्रर्र असा सलग आवाज येतो. आपल्याला तो रटाळ वाटतो. तट्टाला कसा वाटतो ते त्याच्या कानांवरून कळतं. पाय पुढे चालताहेत, पण दोन्ही कान मागे वळून त्या टायरवर खिळलेत आणि शेपूट आत दाबलेली. हेच तट्टू पाठीवर लहान पोर घेऊन तासभर निवांत रपेट मारतं, पायात कुत्रं घुटमळलं तरी बुजत नाही. मग एका टायरचं एवढं काय?

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला सभोवतालचा जवळजवळ ३५० अंशांचा प्रदेश दिसतो. दिसत नाही ती एक चिंचोळी पट्टी बरोबर शेपटीमागे आणि एक अगदी कपाळासमोर. गाडी जुंपायची ती नेमकी या मागच्या पट्टीत. ती खडखडते, आणि आपण जितक्या वेगानं पळू तितक्याच वेगानं मागे येते. पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्यासाठी पाठलागाची याहून चोख व्याख्या नाही. एरवी पळालं की भीतीची वस्तू मागे पडते. इथे पळण्यानंच आवाज वाढतो, म्हणून आणखी पळायचं. गाडीचा घोडा उधळतो तो असा. स्वाराला पाडून उधळलेलं तट्टू थोड्या वेळानं भानावर येतं, गाडी मात्र सुटत नाही.

म्हणूनच ‘आमचं तट्टू शांत आहे’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कशापुढे शांत? शिवाय शांत दिसणं आणि शांत असणं वेगळं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंगावरचे केस मशीननं कापून घेणाऱ्या घोड्यांची तपासणी केली होती (२०१३). धडपडणारे घोडे आणि निमूट उभे राहणारे घोडे, दोघांच्याही लाळेतलं ताणाचं संप्रेरक आणि डोळ्याभोवतीचं तापमान सारखंच वाढलं होतं. तेव्हा निमूटपणावर विसंबू नये. खालच्या जबड्याच्या हाडाखाली, आतल्या कडेला बोटं ठेवली की धमनीचा ठोका लागतो. आरामात उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ पडतात, तट्टांचे किंचित जास्त. उभ्या जागी ते साठ-सत्तरवर गेले असतील, तर आजचा धडा तिथंच थांबवावा. मान खांद्याला मिळते तिथं खाजवावं. एकमेकांचं अंग खाजवताना घोडे हीच जागा निवडतात, आणि तिथं खाजवल्यावर ठोके उतरतात हे मोजून पाहिलेलं आहे. थोपटण्यापेक्षा हे बरं.

टायरची भीती घालवायची तर टायर आधी तट्टापुढे ओढायचा. माणूस टायर घेऊन पुढे चालतो, तट्टू मागून जातं. आता पळतोय तो टायर! काही दिवसांनी तो बाजूला आणायचा, मग मागे, आणि तेव्हाही दोर माणसाच्याच हातात, क्षणात सोडता येईल असा. उजवीकडून झालं की डावीकडूनही तेच. हा चिकटपणा उगाच नाही. ओळखीची मोठी वस्तू नुसती वळवून ठेवली तरी घोडे ती नवी असल्यासारखे बिचकतात, असं अमेरिकेतल्या २०२१ सालच्या एका प्रयोगात दिसलं.

दुसरी अडचण भाषेची. स्वारीच्या तट्टाला माणसाचं अंग वाचता येतं. मांड जरा पुढे सरकली, टाच टेकली की त्याला पुरतं. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा खुरानं गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट यांनी उलगडून दाखवलं, की तो विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल पाहून थांबतो. गाडीत ही सगळी वाट बंद. डोळ्यांवर झापडं, माणूस मागे. उरतो तो लगाम, चाबकाचा हलका स्पर्श आणि आवाज. म्हणून लांब लगाम धरून, मागून पायी चालत, ‘चल’, ‘थांब’, ‘मागे’ हे शब्द आधी पक्के करून घ्यावेत. लगाम ताणल्यानं तट्टू शिकत नाही. ते थांबल्याबरोबर ताण सुटतो, त्या सुटण्यानं शिकतं. दोन सेकंद उशीर झाला तर शिकवणी भलत्याच गोष्टीची होते.

तट्टू स्वारी अजून शिकायचं असेल, तर खोगिरावर हेच शब्द कामी येतात. नवी खूण आधी, ओळखीची लगेच नंतर: टाच टेकवा, मग ‘चल’ म्हणा. थोड्याच दिवसांत ते शब्दाची वाट पाहत नाही.

तट्टाच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाडीच्या दांड्यांपाशी मात्र स्वारीची आणि गाडीची भाषा भांडतात. बरगडीला काही टेकलं की पुढे हो, हे स्वारीनं शिकवलेलं असतं. गाडी वळवताना तोच दांडा बरगडीला दाबतो, आणि अंग वाकवायला तर जागाच नसते. तट्टाला पाय आडवे टाकत वळावं लागतं. गाडीआधी दोन्ही बाजूंना नुसत्या काठ्या बांधून हे वळण गिरवून घ्यावं.

वजनाचं गणित पाठीला महाग आणि चाकाला स्वस्त. स्वार आणि खोगीर मिळून तट्टाच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत असावेत, म्हणजे २०० किलोच्या तट्टावर ४० किलो. मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, म्हणून लांब लगामाचे धडे आधी आणि स्वारी नंतर. सपाट कठीण रस्त्यावर २५० किलोची गाडी पाच-सात किलोच्या ओढीनं चालते. दहा फुटांत एक फूट असा चढ लागला की आणखी २५ किलो. उतारावर त्यातला बराचसा भार उलटा मागून ढकलतो. तो मांड्यांमागच्या पट्ट्यानं पेलायचा असतो. तो दाबही आधी हातानं ओढून ओळखीचा करून द्यावा.

पहिल्यांदा जुंपताना दोन माणसं हवीत, एक तोंडाशी. दहा पावलं, थांब, पुन्हा दहा. बस. सोडताना आधी गाडी पूर्ण मोकळी करून मागे ओढून घ्यायची, त्यानंतरच तोंडावरचा साज उतरवायचा. घाईत क्रम उलटला, तर झापडं निघताच त्याला ती अवाढव्य वस्तू दिसते, आपल्याच अंगाला बांधलेली.