बंद डबा की पाइपवाला डबा?

वरूड-मोर्शीकडून संत्री भरलेल्या पिकअप रात्री नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघतात. ड्रायव्हर एकटा, झोप डोळ्यांवर, तेव्हा केबिनमध्ये गाणं पाहिजेच. आणि नुसतं गाणं नाही, छातीवर धम्म पडलं पाहिजे. म्हणून गावातल्या सुताराकडून वूफरचा, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, डबा करून घेतला जातो आणि घोळ तिथेच होतो. बंद डबा आणि पोर्टचा डबा, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'पाइपवाला' म्हणतात तो, या दोघांत एका भोकाचाच फरक आहे अशी समजूत असते. 'भोक पाडलं का बेस वाढते' हे मी इतक्यांदा ऐकलं की एकदा स्वतःच पाडून बसलो. ते पुढे सांगतो.

आधी डबा लागतोच कशाला? वूफरचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची ओढली जाते. या दोन्ही हवा एकमेकींना भेटल्या तर खालचा, म्हणजे जाड घुमणारा, आवाज जागच्या जागी मरतो. नुसता वूफर हातात धरून वाजवला की तो चिलटासारखा का वाजतो, त्याचं कारण हेच. पाठीमागची हवा कोंडायची किंवा तिला वळण लावायचं, हे दोन मुख्य मार्ग आहेत.

बंद डब्यात ती कोंडलेली असते. सायकलच्या पंपाच्या नळीवर अंगठा दाबून दांडा खाली ढकलून बघा, दांडा उसळून परत वर येतो. डब्यातली हवा कोनाला तशीच परत ढकलते. त्यामुळे कोन ताब्यात राहतो, ठोका पडतो आणि लगेच थांबतो, डफड्यावर काडी पडावी तसा. बऱ्याचशा 12 इंची वूफरला एक घनफूट, म्हणजे 28 लिटरच्या आसपासचा डबा पुरतो. आतून 38 बाय 32 बाय 24 सेंटिमीटर धरा. पंधरा किलो तेलाचे दोन डबे शेजारी ठेवले तर त्याहून जरा कमीच जागा.

पाइपवाल्यात भोकाला महत्त्व नाही, पाइपमधल्या हवेला आहे. रिकाम्या शिशीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो. शिशीच्या मानेतली हवा वजनासारखी वरखाली होते आणि पोटातली हवा स्प्रिंगचं काम करते. डब्याचंही असंच. पाइपची लांबी, तोंडाची रुंदी आणि डब्याचं पोट यांवरून एक आवृत्ती, म्हणजे सेकंदाला किती कंपनं हे, ठरते. ती हर्ट्झमध्ये मोजतात. त्या आवृत्तीजवळ कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाज पाइप काढतो. तेवढ्याच वॅटमध्ये जास्त धम्म मिळतो तो इथून.

हिशेब मांडून दाखवतो. डबा 50 लिटरचा, म्हणजे तेलाचे तीन डबे. पाइप नळकामाचा 110 मिलिमीटर पीव्हीसी, दुकानात ज्याला चार इंची म्हणतात तो. 35 हर्ट्झला लावायचा तर पाइप साधारण 34 सेंटिमीटर लागतो. डब्यात मावत नाही म्हणून कोणी तो 20 सेंटिमीटरला कापला, तर डबा 43 हर्ट्झवर जातो. दहाला कापला तर 54 वर. आणि पाइपच न लावता 18 मिलिमीटरच्या प्लायला नुसतं चार इंची भोक ठेवलं, तर थेट 70 च्या आसपास. वर पाइपने आणि वूफरच्या पाठीने खाल्लेली जागा वेगळी. ती धरली की सुताराला 50 नाही, 56 लिटरचं माप द्यावं लागतं. हे मात्र सगळेच विसरतात.

आता माझं. माझा डबा बंद, 30 लिटरचा, ठणठणीत वाजत होता. शेजारचा पोरगा रोज येऊन म्हणायचा, "भाऊ, भोक पाडून पाहा ना, कसं घुमते!" एका दुपारी होल-सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, आणला आणि पाडलं. संध्याकाळी संदलचं एक गाणं लावलं. ढोलाचा एक विशिष्ट ठोका भांडी हलतील इतका घुमला आणि त्याखालचं सगळं गायब. तोच पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "आता काऊन एकच आवाज येऊन राह्यला?" येणारच होता. 30 लिटरला चार इंची उघडं भोक म्हणजे डबा 90 हर्ट्झच्या जवळ लागला. लागलेल्या आवृत्तीच्या खाली हवेची स्प्रिंगच उरत नाही, कोन मोकाट सुटतो. मी आवाज वाढवत गेलो, आतून टक टक ऐकू आलं, तरी म्हटलं वाजू दे. चौथ्या दिवशी वूफरची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, गेली.

पाइपवाल्या डब्याचा हा धोका नीट कापलेल्या पाइपलाही चुकत नाही. म्हणून अॅम्पवर (अॅम्प्लिफायरवर) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचा आवाज अडवणारी सोय, असला पाहिजे आणि तो लागलेल्या आवृत्तीच्या जरा खाली, 35 ला लावला असेल तर 30 च्या आसपास, ठेवला पाहिजे. बंद डब्याला त्याची एवढी निकड नसते. आवाज उतरतोही वेगवेगळ्या उतारावर. बंद डबा आपल्या मर्यादेखाली दर सप्तकाला 12 डेसिबलने उतरतो, पाइपवाला 24 ने, म्हणजे कड्यावरून पडल्यासारखा.

आणि पिकअपच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे केबिन. 50 हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते, आपली केबिन दोन मीटरही नाही. एवढ्याशा बंद जागेत खालचा आवाज लहरीसारखा पसरत नाही, पंपातल्या हवेसारखा दाबला जातो. त्यामुळे काचा वर केल्या की जितकं खाली जावं तितका बेस आपोआप उचलला जातो. बंद डबा जिथे हळूहळू उतरतो, तिथेच केबिन त्याला वर ओढते. म्हणून केबिनमध्ये ऐकायचं असेल तर माझं मत सरळ आहे: बंद डबा करा आणि पैसे वाचवा. वरातीसाठी मागच्या उघड्या हौद्यात वाजवायचं असेल, तर केबिनची मदत नाही. तिथे मोठा पाइपवाला डबाच लागतो. तिथे मी वाद घालणार नाही.

गंमत अशी की दोघांत जुना पाइपवालाच. बेल लॅब या अमेरिकन संशोधनसंस्थेच्या अल्बर्ट थुरस यांना त्याचं पेटंट 1932 मध्ये मिळालं, तर हवेच्या स्प्रिंगवर चालणारा बंद डबा एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये आणला. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी जे गणित बसवलं, त्याचेच आकडे वूफरच्या खोक्यातल्या कागदावर असतात. त्यातल्या एफएसला (Fs) क्यूईएसने (Qes) भागा. उत्तर 50 च्या आत आलं तर वूफर बंद डब्याचा, 100 च्या जवळ किंवा वर गेलं तर पाइपचा. अधलंमधलं असेल तर दोन्हीत चालतो. तो कागद फेकू नका.

लाकडाचं म्हणाल तर एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाचा बोर्ड, वाजतो छान, पण पावसाळ्यात ओल्या पोत्याजवळ ठेवला की फुगतो. 18 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय बरा. घरचं सागवान आहे म्हणून कोणी आख्ख्या फळ्यांचा डबा करू नये. मे महिन्याच्या 45 डिग्रीत फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात आणि बंद डबा बंद राहत नाही. तपासायला अगरबत्ती पुरते. खालचा सूर चालू ठेवून ती सांध्यांवरून फिरवा, धूर जिथे थरथरेल तिथे गळती. लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून आतून भरा.

अॅम्प डब्यावर ठोकू नका, थरथरीने त्याचे स्क्रू आणि जोड ढिले होतात. सीटमागे प्लायची वेगळी पट्टी लावून त्यावर बसवा, मागे दोन बोटं हवा, अॅम्पची थंडाव्याची पाती उभी. खरे 500 वॅट देणारा क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, अॅम्प पूर्ण जोरात 45 अँपिअर ओढतो, म्हणून फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच. अर्थिंग रंग खरवडून उघड्या लोखंडावर. आणि दहाचाकी असेल तर गाडी 24 व्होल्टची असते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच 12 काढलं, तर ती रोज उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. 24 चं 12 करणारा कन्व्हर्टर लावा.

माझ्या डब्यातून निघालेली चकती मी फेकली नव्हती. नवा वूफर आणला तेव्हा वाटलं, तीच परत बसवू. बसली नाही. पात्याने चहूबाजूंनी दोन-दोन मिलिमीटर खाल्लं होतं. शेवटी आतून प्लायचा मोठा तुकडा लावला, चकती त्यावर चिकटवली, कडेची फट भुशाने भरली. आता डबा पुन्हा बंद आहे. कार्पेटखाली हात फिरवला की ती गोल कड लागते.