एआयने भूकंपाची वेळ सांगितली? खुलासा

‘एआयने गावाचा डिजिटल ट्विन बनवून भूकंपाची वेळ काढली आहे, आज रात्री घराबाहेर झोपा.’ लातूर-धाराशिवकडे असा मेसेज आला की झोप उडतेच. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट पाहिलेल्या माणसाला भीती वाटणारच, त्यात हसण्यासारखं काही नाही.

पण भूकंपाची जागा, वेळ आणि तीव्रता आधी नेमकी सांगणारी पद्धत आजही जगात कुठेच नाही. एआय जुन्या नोंदींवरून शिकतं आणि एकाच जागी मोठे भूकंप शेकडो-हजारो वर्षांच्या अंतराने होतात. मग शिकणार कशावरून? खुद्द किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होती.

डिजिटल ट्विन म्हणजे खऱ्या गावाची, धरणाची संगणकातली प्रतिकृती. तिला हादरे देऊन काय पडेल ते पाहतात. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मातीचा भार, अशी घरं किल्लारीत जीवघेणी ठरली. तसं घर आधीच हेरून मजबूत करता येतं. कधी हलेल, हे मात्र ट्विन सांगत नाही.

पुराचं गणित वेगळं. वर पडलेला पाऊस मोजता येतो, गोदावरीचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. म्हणून तो अंदाज खरा असू शकतो.

मेसेज तपासायचा तर तीन गोष्टी शोधा: ठिकाण, वेळ, तीव्रता. ‘मोठा धक्का बसणार’ एवढंच असेल तर सोडून द्या. जगात कुठे ना कुठे रोज जमीन हलतेच. तिन्ही दिल्या असतील, तर जास्तच संशय घ्या, कारण त्या आधी नेमक्या सांगताच येत नाहीत.