पंपिंग २५ टक्के! पण धोका नेमका कशाचा?

मामांचा टूडी इकोचा रिपोर्ट आला तेव्हा सगळ्यांचे डोळे एकाच ओळीवर खिळले : इएफ (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा) २५ टक्के. "पंपिंग एवढं कमी, म्हणजे शॉकचं मशीन बसवायलाच हवं," मामेभाऊ म्हणाला. हृदय जितकं कमजोर तितका आयसीडीचा, म्हणजे ठोके जीवघेणे बेताल झाले की शॉक देणाऱ्या या मशीनचा, उपयोग जास्त, असं आपण सगळेच धरून चालतो. इथेच दोन धोक्यांची गल्लत होते : मरणाचा धोका आणि अचानक मरणाचा धोका.

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडतो त्या आजारात, मरण मुख्यतः दोन वाटांनी येतं. कधी पंपच थकत जातो. पायांना सूज येते, धाप वाढते, रात्री डोक्याखाली एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा होतात. कधी मात्र बिघाड वायरिंगमध्ये होतो. खालचे कप्पे बेताल होऊन नुसते थरथरतात आणि बोलता बोलता माणूस कोसळतो. कॉलरबोनखाली बसवलेली आयसीडीची डबी पहारा देते तो फक्त या दुसऱ्या वाटेवर. तिने धाप कमी होत नाही की पंप सुधारत नाही.

हार्ट फेल्युअरवरच्या एका औषधाच्या, १९९९ च्या मेरिट-एचएफ चाचणीतले आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. ज्यांना रोजचे नेहमीचे श्रम केल्यावरच धाप लागायची, त्यांच्यातल्या १०० मृत्यूंपैकी ६४ अचानक झाले होते, पंप थकून १२. बसल्या जागी धाप लागणाऱ्यांत अचानक मृत्यू ३३ आणि पंप थकून ५६. म्हणजे आजार वाढतो तसा एकूण धोका वाढतो, पण त्यातला आयसीडीने टळण्याजोगा वाटा घटत जातो.

वय, मूत्रपिंडं, मधुमेह यांचंही तसंच. २०१६ च्या डॅनिश चाचणीत हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे नव्हे, तर इतर कारणांनी हृदय कमजोर झालेले १,११६ रुग्ण होते. आयसीडीने अचानक मृत्यू ८.२ वरून ४.३ टक्क्यांवर आले, पण एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही. कमी वयाच्या रुग्णांना मात्र फायदा दिसला. नुसत्या इएफवरून हे कळणार कसं? म्हणून सिएटलच्या संशोधकांनी दोन वेगळी गणितं मांडली : एक एकूण मृत्यूच्या धोक्याचं, दुसरं त्यात अचानक मृत्यूचा वाटा किती याचं. मशीनचा विचार करताना दोन्ही लागतात.

घाईही नको. हार्ट अटॅकनंतर साधारण ४० दिवस आणि पूर्ण औषधांवर निदान तीन महिने थांबून इको पुन्हा करतात. कित्येकांचं पंपिंग तेवढ्यात ३५ टक्क्यांच्या वर जातं आणि मशीनची गरजच उरत नाही.

मामांचं २८ वर अडकलं. वय ६१, मूत्रपिंडं ठीक, एक जिना न थांबता चढतात. डॉक्टरांनी आयसीडी सुचवलं, त्यांनी बसवून घेतलं. त्याच वॉर्डात डायलिसिसवर असलेल्या ८२ वर्षांच्या आजी होत्या, पंपिंग मामांपेक्षाही कमी. त्यांच्या मुलाला डॉक्टर शेजारी बसवून सांगत होते, "मशीन नको. आपण त्यांची धाप आणि सूज कमी करू या."