वायफाय नेमकं कुठं अडतं?

"वायफाय येईना झालंय, बघा की." बेळगाव, खानापूर, निपाणीकडं लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार सतत येते, आणि तिच्यावर 'फॉरमॅट मारूया' हा उपाय फार लवकर सुचवला जातो. फॉरमॅटमध्ये अर्धा दिवस जातो, मुलांचे प्रोजेक्ट आणि घरचे फोटो जातात. दोष मात्र पुष्कळदा होता तिथंच राहतो, कारण तो विंडोजमध्ये नव्हताच. तो भिंतीत होता, राउटरमध्ये होता, नाहीतर लॅपटॉपच्या बिजागरीत होता.

लॅपटॉपमधून निघालेली मागणी बाहेरच्या जगात पोचण्याआधी तिला सहा टप्पे पार करावे लागतात. लॅपटॉपमधला रेडिओ चालू हवा, त्याला राउटर ऐकू यायला हवा, पासवर्ड जुळायला हवा, राउटरकडून पत्ता मिळायला हवा, राउटरच्या पुढची लाईन जिवंत हवी आणि शेवटी संकेतस्थळाचं नाव आकड्यात बदलून मिळायला हवं. यातला प्रत्येक टप्पा अडला की लॅपटॉप वेगळी खूण दाखवतो. ती खूण आधी वाचावी, मग हात लावावा.

पहिला टप्पा रेडिओचा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं की रेडिओच बंद होतो, आणि काही जुन्या लॅपटॉपना बाजूला यासाठी छोटी सरकती कळ असते. ते बघून झालं की रीस्टार्ट. इथं एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर बहुतेक लॅपटॉप पूर्ण बंद होत नाहीत. पुन्हा लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो. त्यामुळं वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, गोंधळला असेल तर तोच गोंधळ दुसऱ्या दिवशी परत येतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं पहिल्यापासून सुरू करतं. रोज रात्री लॅपटॉप बंद करतो, तरी काही फरक नाही असं सांगणाऱ्यांनी एकदा रीस्टार्ट करून बघावं. त्यानंतरही वायफायचं चिन्हच दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या भागांची विंडोजमधली यादी, उघडून तिच्यात वायरलेस कार्ड आहे का ते पाहायचं. पिवळ्या खुणेसह दिसलं तर ड्रायव्हर नव्यानं घालावा लागतो. कार्डच दिसत नसेल तर ते खाचेत सैल झालेलं किंवा निकामी झालेलं असण्याची शक्यता मोठी.

दुसऱ्या टप्प्यावर आपल्या भागात खरी गंमत आहे, कारण इथं घरं आणि पाऊस दोन्ही मध्ये येतात.

वायफाय म्हणजे रेडिओलहरीच. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि कुणालाही घरात राउटर लावणं सोपं झालं. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्मी, सहा सेंटिमीटरच्या आसपास. लांब लहर भिंतीतून बरी पार होते, आखूड लहर लवकर दमते पण जास्त माहिती वाहते. मोबाइलला दिसणारं नेटवर्क शेजारीच ठेवलेल्या लॅपटॉपला दिसत नसेल तर पहिला संशय इथं घ्यावा. जुन्या आणि सेकंडहँड लॅपटॉपमधल्या बऱ्याच कार्डांना फक्त २.४ समजतं. जांबोटी-कणकुंबीकडं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अभ्यास करणाऱ्या मुलांना हा अनुभव येतो, कारण हॉटस्पॉट ५ वर ठेवलेला असतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन बँड २.४ केला की लॅपटॉपला तो दिसू लागतो. आणखी एक आडवळणी कारण आहे. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडं १ ते १३ चॅनल, म्हणजे पट्ट्यातले छोटे भाग, वापरता येतात, पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली काही कार्डं ११ च्या पुढं ऐकतच नाहीत. परदेशातून कुणी भावानं, मामानं आणलेला लॅपटॉप एकाच घरात अडतो आणि बाकी सगळीकडं चालतो, असं झालं तर राउटरचं चॅनल १, ६ किंवा ११ वर आणून बघावं. हेच तीन आकडे सांगण्याचंही कारण आहे. चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर असतात, पण प्रत्येकाची रुंदी साधारण २० मेगाहर्ट्झ असते. म्हणजे शेजारची चॅनलं एकमेकांवर चढतात, ही तीनच सुटी राहतात. शहापूर-वडगावच्या भिंतीला भिंत लागलेल्या गल्ल्यांत वीसएक राउटर एकाच पट्ट्यात बोलत असतात, तिथं हे पाहणं फार उपयोगी पडतं.

आता ताकदीचं. घरचा राउटर साधारण १०० मिलिवॉटपर्यंतच्या शक्तीनं बोलतो. लॅपटॉपपर्यंत त्यातलं किती पोचतं? लहरींची ताकद डीबीएम नावाच्या मापात मोजतात, आणि उणे ७० डीबीएम म्हणजे अजून कामचलाऊ सिग्नल. हिशेब केला तर ही शक्ती निघालेल्या शक्तीच्या शंभर कोटी भागांतला एक भाग आहे. एवढ्याशा कुजबुजीतून लॅपटॉप व्हिडिओ उभा करतो, याचं मला आजही नवल वाटतं. उणे ८० म्हणजे त्याच्याही एक दशांश, तिथं चिन्ह दिसतं पण पानं उघडत नाहीत. विंडोज ही ताकद टक्क्यांत सांगतं. त्याच्या मापात १०० टक्के म्हणजे उणे ५०, ६० टक्के म्हणजे उणे ७० आणि शून्य म्हणजे उणे १००. त्यामुळं ४० टक्के दिसले म्हणून निम्मं काम होईल असं धरू नये, ते उणे ८० असतं.

बेळगावातल्या जुन्या वाड्यांच्या आणि खानापूर तालुक्यातल्या जांभ्याच्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटी जाड. जांभ्यात लोह आहे म्हणून वायफाय अडतं असं काही जण सांगतात. ते लोह गंजाच्या रूपात असतं, पत्र्याच्या नव्हे. अडवतो तो भिंतीचा जाडपणा आणि तिच्या छिद्रांत मुरलेलं पाणी. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. लहर जाताना हे रेणू तिच्यासोबत वळायला बघतात, शेजारच्या रेणूंवर घासतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत संपते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये भात गरम होतो तो याच क्रियेनं, आणि ओव्हनची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यातली आहे. पाणी नेमकं याच वारंवारतेला शोषतं हा समज मात्र चुकीचा. पाण्याचं शोषण सर्वाधिक होतं ते सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास, २.४ वर ते बरंच कमी असतं. पण जुलै-ऑगस्टात भिजून जड झालेली जाड भिंत एवढ्या शोषणानंही सिग्नलचा बराच भाग गिळते. उन्हाळ्यात माजघरात चालणारं वायफाय पावसाळ्यात त्याच जागी मरगळतं, त्याचं मोठं कारण हे आहे. अशा वेळी लॅपटॉपला काही करू नका. राउटर भिंतीच्या कोनाड्यातून काढून दाराच्या रेषेत, माणसाच्या उंचीवर आणा. लोखंडी कपाटामागं आणि पत्र्याच्या आडोशाला तर कधीच ठेवू नका. धातू लहर शोषत नाही, परतवून लावतो, आणि परतलेल्या लहरी मूळ लहरींवर आदळून खोलीत काही जागी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. म्हणूनच कधीकधी लॅपटॉप वीतभर सरकवला तरी नेट सुरू होतं.

पासवर्डचा टप्पा लवकर आटपतो. राउटरचा पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप जुनाच पाठवत राहिला की जोडणी होत नाही. नेटवर्कवर 'फॉरगेट' दाबून पासवर्ड नव्यानं टाका. राउटर नवा असेल आणि फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा मानकावर ठेवलेला असेल, तर २०१८ मध्ये ते मानक येण्याआधीचे काही लॅपटॉप बरोबर पासवर्ड देऊनही बाहेर राहतात. राउटरमध्ये आधीच्या डब्ल्यूपीए२ चा पर्याय जोडीला चालू करावा.

चौथा टप्पा पत्त्याचा, आणि खूण वाचायला सगळ्यात सोपा. जोडणी झाल्यावर राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) लिहून एंटर दाबलं की तो दिसतो. तिथं १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला तर समजा, लॅपटॉपनं पत्ता मागितला, राउटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला. या पत्त्यावर बाहेर जाता येत नाही. टिळकवाडीसारख्या भागातल्या पीजी आणि हॉस्टेलांत याचं एक कारण नेहमीचं आहे. राउटरकडं वाटायला ठरावीक पत्ते असतात, समजा पन्नास. दिवसभरात येऊन गेलेल्या मोबाइलांच्या नावावरही ते काही तास अडकून राहतात, आणि संध्याकाळी आलेल्या मुलीच्या लॅपटॉपला एकही उरत नाही. राउटर बंद करून चालू केला की बहुतेक वेळा वाटप नव्यानं सुरू होतं. कायमचा उपाय म्हणजे पत्त्यांची मर्यादा वाढवणं आणि मुदत कमी करणं. कस्टमर केअरशी कन्नडमध्ये बोला, हिंदीत बोला की मराठीत, हा १६९.२५४ चा आकडा सांगितला की समोरच्या जाणकाराला निम्मी गोष्ट कळते.

पत्ता ठीक आहे, तरी विंडोज 'नो इंटरनेट' म्हणतंय, तर आयपीकॉन्फिगमध्येच 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसणाऱ्या आकड्याला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, पिंग करा: त्याच खिडकीत ping आणि पुढं तो आकडा लिहून एंटर दाबा, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते कळतं. उत्तर आलं तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यात सगळं सुरळीत आहे, दोष बाहेर आहे. आता फायबरची लाईन जोडलेल्या डब्याकडं बघा. त्यावर 'लॉस' (LOS) नावाचा लाल दिवा लागला असेल तर काचेच्या तंतूतून येणारा प्रकाशच थांबला आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसात फांदी पडून खांबावरचा तंतू तुटणं नवं नाही, तेव्हा लॅपटॉप उघडून बसण्यात काही अर्थ नसतो. लाईट जाऊन आल्यावर हा डबा पुढच्या यंत्रणेशी जुळायला काही मिनिटं घेतो, राउटरचं वायफाय मात्र आधी सुरू होतं. त्या मधल्या वेळात सगळं जोडलेलं दिसतं आणि काहीच चालत नाही. डबा स्थिर होईपर्यंत थांबायचं. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरून बघू नये, त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही.

शेवटचा टप्पा नावाचा. आपण नाव लिहितो, यंत्रं आकड्यांवर चालतात. मोबाइलमध्ये नाव दाबलं की नंबर आपोआप लागतो तसं हे काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएसच्या पत्त्याला पिंग केल्यावर उत्तर येतंय पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, तर तिथंच अडलं आहे, सेटिंगमध्ये डीएनएसचा आकडा बदलून बघावा. पण उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत असेल तर आधी लॅपटॉपचं घड्याळ पाहा. बरेच महिने पेटीत पडून राहिलेल्या लॅपटॉपची आतली नाण्यासारखी बॅटरी संपते आणि तारीख कित्येक वर्षं मागं जाते. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांना अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, त्यामुळं मागच्या तारखेत जगणाऱ्या लॅपटॉपला ती सगळी अवैध वाटतात. तारीख नीट केली की काम होतं.

हे सगळं ठीक आहे आणि तरीही लॅपटॉपला राउटरच्या शेजारीच नेट मिळतं, दोन पावलं दूर गेलं की जातं, त्याच जागी मोबाइल मात्र मजेत चालतो, असं असेल तर बिजागरी तपासा. वायफायचं कार्ड खाली मदरबोर्डवर असतं, पण बहुतेक लॅपटॉपमध्ये अँटेना वर, स्क्रीनच्या कडेला असतात. दोघांना जोडणाऱ्या दोन बारीक वायरी बिजागरीतून जातात आणि झाकण हजारो वेळा उघडमिट झाल्यावर पिळून तुटू शकतात. बॅटरी किंवा रॅम बदलताना त्यांची मोहरीएवढी टोकं कार्डावरून निसटतात, तेही होतं. परीक्षा सोपी आहे. टक्के डोळ्यासमोर ठेवून झाकण हळूहळू मागं-पुढं करा. कोन बदलला की आकडा उड्या मारत असेल तर दुकानात लॅपटॉप देताना एवढंच सांगा, की आधी अँटेनाच्या वायरी बघा, फॉरमॅट आत्ता नको.