चिपाडाची वीज आणि कलम ८६

उसाचा हंगाम तोंडावर आला की बेळगावच्या पेपरात एक फोटो ठरलेला असतो: फेटे बांधलेले संचालक, फुटलेला नारळ आणि खाली 'बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात'. तो बघून निपाणीच्या आमच्या पाहुण्यांनी विचारलं, "साखर करायला एवढं धूड कशाला ओ?"

प्रश्न रास्त आहे. नुसत्या साखरेला ते लागत नाही.

१०० टन ऊस गाळला की २८-३० टन चिपाड उरतं, त्यात निम्मं पाणी. ते जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवून वीज करायची आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवायचा. खरी गंमत या शेवटच्या पायरीत आहे. शाळेतला अप्रकट उष्मा आठवा, म्हणजे तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता. पाण्याची वाफ होताना सर्वात जास्त उष्णता तोच गिळतो. कोळशाच्या वीजकेंद्रात तो शेवटी कूलिंग टॉवरमधून हवेत जातो. कारखान्यात मात्र तोच रस उकळतो. म्हणजे साखर ही इथं कूलिंग टॉवरचं काम करते!

आता दाबाकडे या. जुना बॉयलर २१ केजीचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचा, वाफ ३४० अंशांची. नवा ८७ केजीचा, वाफ ५१५ अंशांची. दोन्हीकडची वाफ रसाकडे जाते ती सारख्याच हलक्या दाबाने. दर किलो वाफेमागे नव्या बॉयलरला उष्णता लागते जेमतेम १२ टक्के जास्त, पण टर्बाइनला काम मिळतं जवळजवळ पावणेदोनपट. एंट्रॉपीचा तक्ता (वाफेच्या उष्णतेतून किती काम निघेल ते काढायचा) उघडला तर हे दोन ओळींत दिसतं: वाफ जितक्या वरच्या पायरीवरून उतरेल, तितकी तिची उतरण लांब. तक्ता नको असेल तर गोकाकचा धबधबा आठवा. पाणी तेवढंच, पण कडा उंच.

मग सगळ्यांनी आधीच ८७ केजी का बसवले नाहीत? अशा बॉयलरला महागडं पोलाद आणि क्षार काढलेलं पाणी लागतं. शिवाय उरलेली वीज घेणार कोण? तारा वीज कंपनीच्या. तिने नको म्हटलं की विषय संपला.

ही अडचण २००३ च्या विद्युत कायद्याने फोडली. कलम ८६(१)(ई) राज्यांच्या वीज नियामक आयोगांना सांगतं की सहवीज (एकाच इंधनातून उष्णता आणि वीज दोन्ही) आणि अक्षय ऊर्जेला उत्तेजन द्या, ती ग्रिडला जोडून द्या, आणि वितरण कंपनीच्या हद्दीतल्या एकूण वापरापैकी किती टक्के वीज अशी घ्यायची ते ठरवा. त्यात 'सहवीज' हा शब्द आधी येतो, हे मला फार आवडतं. कायदा एक, आयोग मात्र दोन. कर्नाटकातली निपाणी तिथल्या हेस्कॉम या वीज कंपनीकडे, महाराष्ट्रातलं कागल महावितरणकडे. मधे सीमा, दोन्हीकडे ऊस तोच, आणि विजेचे दर ठरतात बंगळुरात आणि मुंबईत.

पाहुण्यांनी मधेच फाटा फोडला, "सौंदत्तीकडच्या पवनचक्क्यांनी पाऊस पळवला म्हणतात." पळवत नाहीत. पात्याचं टोक जमिनीपासून फार तर शे-दोनशे मीटरवर असतं, पावसाचे ढग काही किलोमीटर जाड. सौंदत्ती पहिल्यापासूनच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. आणि चिपाडाच्या विजेवर 'शून्य प्रदूषण' लिहिणारे फलकही तितकेच खोटे. त्यातला कार्बन पुढचा ऊस परत ओढून घेतो हे खरं, पण वाळत घातलेल्या धुण्यावर पडणारी काजळी कोण ओढून घेणार?

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्या आधारे केंद्राने २०२३ मध्ये अक्षय विजेची टक्केवारी ठरवून दिली: २०२४-२५ ला २९.९१, तिथून चढत २०२९-३० ला ४३.३३. त्यात वारा, जलविद्युत आणि छपरावरच्या सौरसारखी विखुरलेली ऊर्जा यांना आपापले रकाने आहेत. चिपाडाला नाही. ते 'इतर'मध्ये, मोठ्या सौर प्रकल्पांच्या शेजारी. तिथं त्याची पंचाईत होते. उन्हाला पैसे पडत नाहीत, चिपाड तर कागद कारखानेही विकत घेतात. पण हंगामात बॉयलर रात्रंदिवस पेटलेला असतो, आणि संध्याकाळी सात वाजता ऊन नसतं. त्या तासांचा भाव वेगळा मिळाला, तर ८७ केजीचा हिशेब अजूनही बसतो.